वसमतकडचे आवाज, व्हॉट्सॅपवरचा लाव्हा आणि पायाखालचा दगड

कयाधूकाठ · १० जुलै २०२४, सकाळी १०:४०

मंडळी, आज सकाळी सव्वासातच्या सुमारास गावाकडं पुन्हा जमीन हलली. मी पुण्यात, त्यामुळे मला कळलं ते बाबांच्या फोनवरून. गाव वसमत तालुक्यात. २१ मार्चला पहाटे दहा-बारा मिनिटांत दोन धक्के बसले होते, तेव्हा बाबा म्हणाले होते, "भांडे वाजले." आज म्हणाले, "भांडे पडले." दोन्ही वेळचा मोठा धक्का ४.५ चा.

आमच्या भागाला हे नवीन नाही. वसमत, औंढा, कळमनुरी या पट्ट्यात कित्येक वर्षांपासून जमिनीतून आवाज येतात. पेपरवाले 'गूढ आवाज' लिहितात. आई म्हणते, शेजारच्या गल्लीत टिप्परमधून खडी ओतल्यासारखं वाटतं. उन्हाळ्यात आवाज आला की लोक अंगणात बाजा टाकतात. आता पावसात तेही नाही.

आज सकाळपासून आमच्या गावच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: "मराठवाड्याच्या खाली लाव्हाचा समुद्र उसळत आहे, दख्खनचा ज्वालामुखी पुन्हा जागा होणार." सोबत पृथ्वी कापलेल्या कलिंगडासारखी दाखवलेलं चित्र, वर हिरवी साल आणि आत सगळं लालभडक. खरं सांगायचं तर शाळेत मीही तेच चित्र काढून रंगवलंय. तेव्हा जाणकारांना तीन प्रश्न:

खाली खरंच लाव्हा आहे का? दख्खनचं पठार स्थिर आहे असं भूगोलात घोकलं होतं, मग हे धक्के कुठून? आणि तो आवाज कसला?

बाबांना संध्याकाळी सांगायचंय, म्हणून जरा सोप्यात सांगा.

ढगातली_म्हैस · १०:५२

रुमाल टाकून ठेवते.

बाकी खाली लाव्हाचा समुद्र असता तर आमच्या सोसायटीला सकाळी अंघोळीला गरम पाणी तरी आलं असतं.

खडूस_खडक · दुपारी १२:१५

भूशास्त्र शिकवण्यात तीस वर्षं घालवली आहेत, त्यामुळे त्या लाल चित्राशी माझं जुनं वैर आहे. क्रमाने घेतो.

लाव्हाचा समुद्र नाही. कुठेच नाही. आपल्या पायाखाली साधारण ३५-४० किमी जाडीचं भूकवच आहे, घट्ट खडकाचं. समुद्राच्या तळाशी ते ५ ते १० किमी इतकंच असतं, हिमालयाखाली सत्तरपर्यंत जातं. त्याच्या खाली २,८९० किमी खोलीपर्यंत प्रावरण. ज्याला चित्रात लाल रंग देतात ते हेच. ते घन आहे. दगड आहे. वरच्या काहीशे किलोमीटरमध्ये कुठे कुठे टक्काभर वितळलेलं असेल, बस. आणि रंगच द्यायचा तर तिथल्या खडकाचा मूळ रंग हिरवट आहे, ऑलिव्हिन या खनिजामुळे. अंगठीतला पेरिडॉट म्हणजे तेच. म्हणजे चित्रात हिरवं आणि लाल उलटंपालटं झालंय म्हणा हवं तर.

खरा द्रव त्याच्याही खाली. २,८९० पासून ५,१५० किमीपर्यंत बाह्यगाभा, वितळलेलं लोखंड आणि निकेल. होकायंत्राची सुई फिरते ती त्याच्या जिवावर. आणि केंद्राशी पुन्हा घन गोळा, १,२२० किमी त्रिज्येचा. तुमच्या वसमतपासून सगळ्यात जवळचा 'समुद्र' हा असा २,८९० किमी खाली आहे आणि तो लोखंडाचा आहे. तो उसळून वर येत नाही.

'घन आहे तर खंड सरकतात कशावर?' हे पुढचं कुणीतरी विचारणार, म्हणून आधीच सांगतो. कोठीतली गुळाची ढेप आठवा. फोडायला बत्ता लागतो, ठिकऱ्या उडतात. तीच ढेप वैशाखात महिनाभर पाटावर ठेवा, बूड पसरतं. घाईच्या कामाला ती दगड, निवांत कामाला ती लापशी. प्रावरण तसं आहे. भूकंपाची लाट सेकंदात जाते, तिला ते घन भासतं. लाखो वर्षांच्या हिशेबात ते वाहतं.

बाकीचे दोन प्रश्न जेवून.

स्वयंपाकघरातून · १२:३१

सर, ढेप पसरते ती ओल धरल्यामुळे. कोरड्या हवेत नाही पसरत. माझ्या कोल्हापूरच्या सासूबाईंना विचारा.

खडूस_खडक · १२:४४

सासूबाईंपुढे मी काय बोलणार. पण गंमत बघा, प्रावरणातही खडकात जरा पाणी मुरलं की तो जास्त सहज वाहतो आणि लवकर वितळतो. म्हणजे उपमा तुम्ही बिघडवली नाही, उलट सुधारलीत.

प्रश्नोपनिषद · दुपारी १:२०

हे २,८९० आणि ५,१५० वगैरे आकडे इतक्या खात्रीने सांगता. कुणी आत जाऊन फूटपट्टी लावून आलंय का? माणसाने सगळ्यात खोल पाडलेलं भोक किती?

सह्यभटक्या · १:३८

रशियातलं कोला. १२,२६२ मीटर. १९७० मध्ये सुरू केलं आणि १९८९ पर्यंत तिथवर पोचले. खाली १८० अंश तापमान लागलं आणि पुढे रेटता येईना. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किमी. हापूस आंब्याएवढी पृथ्वी धरली तर हे भोक मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाहून कमी. सालही फाटलेली नाही, नखाचा ओरखडा आहे नुसता.

प्रश्नोपनिषद · १:४१

तेच म्हणतोय. सालीवर ओरखडा काढून कोयीचं माप सांगताय.

खडूस_खडक · दुपारी ३:०५

माठ घेताना काय करता? टिचकी मारून ऐकता. आत जात नाही.

पृथ्वीला टिचकी मारायचं काम भूकंप करतात. त्यातून दोन प्रकारच्या लाटा पोटातून जातात. पहिली, पी, ढकलाढकलीची, ध्वनीसारखी. ती घन, द्रव सगळ्यातून जाते. दुसरी, एस, आडवी हलवणारी, मागाहून पोचते. ती द्रवातून जाऊच शकत नाही, कारण द्रव आडवा ओढला तर परत जागेवर येत नाही. आता एस लाट प्रावरणातून आरपार जाते. म्हणून प्रावरण घन. वादच संपला. पण भूकंपाच्या जागेपासून साधारण १०४ अंशांपलीकडे (हे अंश तापमानाचे नव्हेत, पृथ्वीच्या केंद्राशी मोजलेल्या कोनाचे) ती थेट पोचेनाशी होते. म्हणजे मधे काहीतरी द्रव तिला गिळतंय. कुठून पुढे गायब होते यावरून त्या द्रव गोळ्याचं माप निघतं. फूटपट्टी ती हीच.

यात आपल्याकडचा एक धागा आहे. या लाटा नोंदींमध्ये वेगवेगळ्या ओळखल्या त्या रिचर्ड ओल्डहॅमने. हा जिऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियातला माणूस. १२ जून १८९७ ला शिलाँग-आसामकडे प्रचंड भूकंप झाला, त्याचा अभ्यास त्याने केला. १९०६ मध्ये त्यानेच दाखवलं की पृथ्वीला गाभा आहे. १९३६ मध्ये डेन्मार्कच्या इंगे लेहमन बाईंनी गाभ्याच्या आत आणखी एक गाभा शोधला. जिथे लाटा पोचायला नको तिथे बारीकशा लाटा दिसत होत्या. बाकीचे दुर्लक्ष करत होते, बाईंनी केलं नाही. १०४ वर्षं जगल्या. फेब्रुवारी १९९३ मध्ये गेल्या.

उमरगेकर · ३:२०

फेब्रुवारी १९९३. त्याच वर्षी सप्टेंबरात आमच्याकडं किल्लारी.

नंतर लिहितो.

बोअरवाले_दादा · सायंकाळी ५:५०

मी शिकलेला नाही जास्त, पण जमीन रोज फोडतो. वीस वर्षं झाली गाडी घेऊन. जालना, परभणी, हिंगोली, सगळीकडं भोकं पाडलीत. खाली काय असतं ते मी सांगतो. वर काळी माती, मग मुरूम, मग काळा पाषाण. पाषाणात बिट नुसतं किंचाळतं, पाणी नाही. मग एकदम धूळ लाल यायला लागते, तो गेरू. गेरूखाली मांजऱ्या खडक, भोकाभोकांचा, त्यात पांढरे खडे. तिथं नशीब असलं तर पाणी. मग परत पाषाण, परत गेरू. पाचशे फूट गेलो तरी तेच. लाव्हा एकदाबी लागला नाही, नाहीतर बिलात लावला असता.

सर, एक विचारायचं होतं. खोल बोअरचं पाणी थंडीत कोमट येतं ते याच्यामुळंच का?

खडूस_खडक · ६:१५

दादा, तुम्ही जे सांगितलंत ते माझ्या विद्यार्थ्यांना चार वर्षं लागतात सांगायला. तुमचा प्रत्येक पाषाण-मांजऱ्या म्हणजे लाव्हाचा एकेक थर. पाषाण हा त्याचा घट्ट भाग, मांजऱ्या म्हणजे वायूचे बुडबुडे राहिलेला भाग. मधला गेरू म्हणजे दोन उद्रेकांच्या मधला काळ. थर थंड झाला, त्यावर माती तयार झाली आणि पुढच्या लाव्हाने ती भाजून काढली. तेव्हा लाव्हा तुम्हाला रोज लागतो, फक्त ६ कोटी ६० लाख वर्षं शिळा.

कोमट पाण्याचं: जमिनीच्या पोटात दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंश तापमान वाढतं. पाचशे फुटांवर म्हणजे चारेक अंश जास्त. थंडीत ते जाणवतं. ही उष्णता काही पृथ्वीच्या जन्माच्या वेळची आणि काही युरेनियम, थोरियम, पोटॅशियम यांच्या किरणोत्साराची.

सह्यभटक्या · ६:४०

मग तो लाव्हा आला कुठून, प्रावरण घन असेल तर? (विचारून ठेवतो, कारण माळशेजच्या कड्यावर दरवेळी कुणीतरी विचारतं आणि मी थापा मारतो.)

खडूस_खडक · ७:०५

कुकर. दाबाखाली पाणी शंभर अंशांना उकळत नाही, तापमान त्याच्या वर गेल्यावर उकळतं. तसंच दाबाखाली खडक वितळत नाही, तापमान पुरेसं असलं तरी. तो तापलेला घन खडक हळूहळू वर सरकला की दाब कमी होतो आणि वितळतो. शिट्टी काढल्यासारखं. पृथ्वीवर हे ठरावीक ठिकाणीच होतं. समुद्राच्या मध्यभागी जिथे भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या वरच्या कवचाचे सरकणारे मोठे तुकडे, दूर होतात तिथे. एक पट्ट दुसऱ्याखाली बुडून पाणी घेऊन जातो तिथे, जपानसारखं. आणि काही ठिकाणी खोलवरून गरम खडकाचा खांब वर येतो तिथे.

दख्खनचं हे तिसरं प्रकरण. तो खांब आज रीयुनियन बेटाखाली आहे आणि तिथला ज्वालामुखी अजूनही वाहतो. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भारत त्याच्यावर होता. मग आपण उत्तरेला निघून आलो आणि वाटेत लक्षद्वीप, मालदीव, चागोस, मॉरिशस अशी डागांची रांग राहिली. तवा पुढे आला, चूल तिथेच. म्हणून 'दख्खनचा ज्वालामुखी पुन्हा जागा होणार' हा मेसेज पाठवणाऱ्याला सांगा, चूल हिंदी महासागरात आहे, तव्याला हात लावून बघा.

ढगातली_म्हैस · ७:१२

म्हणजे दीडेकशे वर्षांपूर्वी जे मराठी लोक मॉरिशसला गेले, ते एका चुलीच्या काळ्या दगडावरून निघून त्याच चुलीच्या दुसऱ्या काळ्या दगडावर उतरले! आजचा दिवस सत्कारणी.

सह्यभटक्या · ७:३०

आपण 'निघून आलो' म्हणजे अजून चालतोच आहोत. भारतीय पट्ट ईशान्येकडे वर्षाला साधारण ५ सेंटीमीटर जातो. (नखं वाढतात तेवढ्या वेगाने, असं कुणी लिहिलं तर त्याला माझ्याकडून एक सोमवार उपास.) १६७४ च्या राज्याभिषेकापासून यंदा ३५० वर्षं झाली. म्हणजे रायगड तेव्हापासून साडेसतरा मीटर सरकलाय. मेघडंबरीसकट.

पाटणचे_आबा · रात्री ९:१०

स्थिर पठाराची गोष्ट निघाली म्हणून लिहितो. ११ डिसेंबर १९६७. मी नऊ वर्षांचा. पहाटेचे साडेचार वाजायचे होते. आधी आवाज आला, मग घर. वडिलांनी मला गोधडीसकट उचलून बाहेर फेकलं, ते मला अजून आठवतं, कारण खाली गाईचं शेण होतं. उजाडल्यावर बघितलं तर समोरच्या डोंगरावरून धूळ उठत होती. कोयनानगर बसलं. पावणेदोनशेच्या वर माणसं गेली. धरणाला चिरा पडल्या, पण उभं राहिलं. नंतर त्याला मागून टेकू दिले.

तोवर सगळे शहाणे म्हणत होते की या भागात भूकंप होत नाही. १९६२ मध्ये पाणी अडवायला सुरुवात झाली आणि बारीक धक्के सुरू झाले. आम्हा पोरांना सवय झाली होती. मास्तर म्हणायचे, पाटी धरा, येतोय.

प्रश्नोपनिषद · ९:२५

म्हणजे धरणाने भूकंप केला. मग सरळ म्हणा ना तसं.

कृष्णाकाठचा_ओव्हरसियर · ९:५०

आयुष्य धरणांवर गेलं, म्हणून बोलतो. धरणाने भूकंप 'केला' नाही, 'काढला'. ६.३ च्या भूकंपाची ताकद १०३ मीटर उंच धरणातल्या पाण्यात नसते. ताण आधीच होता, पाण्याने फक्त घोडा ओढला. पाणी भेगेत गेलं आणि भेग वंगण लावल्यासारखी घसरली.

खडूस_खडक · रात्री १०:२०

ओव्हरसियरसाहेबांशी ९० टक्के सहमत. फक्त वंगण नव्हे. पाणी खडकाच्या बारीक चिरांतून खोल जातं आणि तिथे दाब वाढवतं. भेगेच्या दोन बाजू एकमेकींवर घट्ट दाबून बसलेल्या असतात, म्हणून सरकत नाहीत. आतल्या पाण्याचा दाब त्यांना हलकेच दूर रेटतो. पकड सैल झाली की साठलेला ताण सुटतो. म्हणूनच पावसाळ्यात जलाशय भरला की काही आठवड्यांनी-महिन्यांनी तिथे धक्के वाढतात. १९८५ नंतर वारणेचं धरण भरायला लागलं तसा उद्योग दक्षिणेकडे पसरला. साधारण २० बाय ३० किलोमीटरच्या त्या तुकड्यात आज सत्तावन्न वर्षं झाली तरी थांबलेलं नाही.

आणि हा ताण कुठला? हिमालयाचा. भारत पाच कोटी वर्षांपासून आशियाला धडकतोय. पुढच्या बंपरला धक्का बसला की मागच्या डिकीतलं सामान हलतंच. पट्ट एकसंध आहे म्हणून दाब इथवर पोचतो. त्यात आपल्या काळ्या दगडाखालचा पाया अडीच अब्ज वर्षांपेक्षाही जुना. जुन्या भेगा, जुने खड्डे, सगळं लाव्हाने सारवून टाकलंय. वरून सपाट दिसतं म्हणून आम्ही 'स्थिर' म्हणत बसलो.

हे सारवण फोडून बघितलंय. कोयनेजवळ गोठणे इथे २०१७ पर्यंत ३ किलोमीटर खोल भोक पाडलं. त्यात काळा पाषाण सव्वा किलोमीटरच्या आसपास संपला आणि खाली ग्रॅनाइट. तळाशी तापमान ऐंशी अंशांच्या आत. चहा होणार नाही. पूर्वेला थर पातळ होत जातो. कयाधूकाठ, तुम्ही नांदेडहून देगलूरला गेलात तर काळा दगड संपून तो खालचा ग्रॅनाइट उघडा दिसेल. रस्त्याच्या कडेला, गुलाबीसर, मोठमोठे गोटे. तोच तुमच्या गावाखाली आहे.

डहाणू_लोकल · ११ जुलै, सकाळी ७:४०

आमच्याकडे ना मोठं धरण, ना काही. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीत धक्के. धुंदलवाडीच्या आसपासची माणसं थंडीत तंबूत झोपली. वर्तमानपत्रात चारचा धक्का छापून येतो, पण दिवसात जे वीस बारके येतात ते कोण मोजणार? आणि हो, आवाज! आधी आवाज, मग हलणं. कधी नुसताच आवाज. कयाधूकाठ यांचा तिसरा प्रश्न राहिलाय सर.

खडूस_खडक · सकाळी ९:००

राहिला होता, खरंय. आवाज म्हणजे भूकंपच. अगदी छोटा आणि उथळ. पी लाट ध्वनीसारखी असते हे वर लिहिलंय. ती जमिनीच्या पृष्ठभागावर आली की जमीन ढोलाच्या कातड्यासारखी हवेला हलवते. भूकंप खोल असेल तर वाटेत तिच्यातले भराभर कंप विरून जातात. दोन-चार किलोमीटरवरच असेल तर ते शाबूत पोचतात आणि कानाला गडगड ऐकू येते. दीड-दोन प्रतीचा धक्का पायाला कळतही नाही, पण ऐकू येतो. गूढ काही नाही. गूढ एवढंच की नेमकी कुठली भेग आणि पुढे काय करणार. ते कुणी सांगितलं तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका, मी सांगितलं तरी.

आईंना एक काम द्या. आवाज आला की तारीख आणि वेळ वहीत लिहायची. भूकंपमापकाच्या नोंदीशी ताडून बघता येतं.

टोकियोतली_सुगरण · दुपारी १२:३०

इकडे पी आणि एसमधल्या त्या अंतरावरच आमचा जीव तगून आहे. पी लाट यंत्राने पकडली की मोठी लाट पोचायच्या आत सगळ्यांचे फोन एकदम बोंबलतात. कधी पाच सेकंद, कधी वीस. तेवढ्यात गॅस बंद करायचा आणि टेबलाखाली. माझी मुलगी आता पोळी लाटता लाटता लाटणं घेऊनच आत शिरते.

पण मला एक कळत नाही. मार्च २०२२ मध्ये फुकुशिमाकडे ७.४ झाला, बळी बोटांवर मोजण्याइतके. किल्लारीला ६.२ मध्ये जवळपास दहा हजार. आपल्याकडे नियोजनच नाही, दुसरं काय.

कृष्णाकाठचा_ओव्हरसियर · १२:५५

ताई, तुलना सरळ नाही. तो समुद्राखाली, साठेक किलोमीटर खोल. किल्लारीचा गावाच्या खाली, काही किलोमीटरवर, आणि जमीन फाटून वर आली. शंभर मीटरवर फुटलेला सुतळी बॉम्ब आणि उशीखाली फुटलेली लवंगी, असा फरक आहे.

टोकियोतली_सुगरण · १:०२

मान्य. तरी घरं?

उमरगेकर · रात्री ११:३०

घरांचं मी सांगतो.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारला चार-पाच मिनिटं कमी. आदल्या रात्री गणपती विसर्जन. मिरवणूक आटोपून लोक दमून झोपलेले. मी अकरा वर्षांचा. आमचं गाव किल्लारीपासून लांब, म्हणून मी लिहितोय.

माळवदाचं घर ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी: सागवानी खांब, त्यावर तुळया, त्यावर किलच्या आणि वर मातीचा थर. दरवर्षी मृगाच्या आधी नवी पांढरी माती टाकायची, गळू नये म्हणून. जुनी कुणी काढत नाही. आज्याने टाकलेली, बापाने टाकलेली, सगळी वर. दोन-दोन फूट. भिंती दोन-अडीच फूट जाडीच्या, लोकांना वाटायचं किल्ला आहे. पण त्या भिंतीला आतलं तोंड वेगळं, बाहेरचं वेगळं, मधे भरड आणि चिखल. हललं की दोन्ही तोंडं फुगून सुटतात. कितीतरी घरांत खांब उभे होते, भिंत आत पडलेली. पोराटोरांना बाहेर काढताना दगड कमी आणि माती जास्त उपसावी लागली. तोंडात माती.

आमच्या मामांच्या गावात वाड्यातली आठ माणसं गेली. त्यांचा सालगडी कुडाच्या छपरात झोपायचा. तो, बायको, तीन लेकरं, सगळे वाचले. त्यानंतर आयुष्यभर तो मामांशी नीट बोलू शकला नाही, जसा काही त्याचा गुन्हा होता.

तिथंही नंतर भोक पाडलं होतं. ६१७ मीटर. ३३८ मीटरवर काळा दगड संपला, असं वाचलंय. मी एकदा जाऊन ती जागा बघून आलो. बघण्यासारखं काही नाही.

कयाधूकाठ, तुमचं गावाकडचं घर कसलं आहे?

कयाधूकाठ · १२ जुलै, सकाळी ८:१५

माळवद.

कृष्णाकाठचा_ओव्हरसियर · ८:४०

मग लाव्हा सोडा, ही माती बघा. किती जाड आहे ते मोजा. आठ इंचांच्या वर असेल तर उतरवा. भिंतीला जागोजागी एका तोंडापासून दुसऱ्या तोंडापर्यंत पोचणारे लांब दगड बसवता येतात. तसा दगड नसेल तर आरपार भोक पाडून सळई घालून काँक्रीट भरतात. खांब आणि तुळईच्या कोनात तिरके लाकडी टेकू मारा, नाहीतर खांब आडवा व्हायला वेळ लागत नाही. किल्लारीनंतर हजारो घरांना हे सुचवलं होतं. गावातला सुतार आणि गवंडी करू शकतो. पावसाळ्यात मात्र माळवद उकलू नका, तोवर झोपायला पत्र्याची जागा बघा.

प्रश्नोपनिषद · ९:०५

या सल्ल्याला माझा प्रश्न नाही. नोंद घ्यावी.

ढगातली_म्हैस · ९:०६

घेतली. तारीख आणि वेळेसकट.

कयाधूकाठ · १८ नोव्हेंबर २०२४, रात्री १०:२०

धागा वर काढतोय.

जुलैत बाबांना सगळं वाचून दाखवलं होतं. चूल आणि तवा त्यांना पटलं, गावात चार जणांना सांगून आले. मातीचं मात्र म्हणाले, "काढली तर उन्हाळ्यात भाजून निघू." बरोबरच आहे, माळवदाखाली मे महिन्यातही पंखा लागत नाही. शेवटी ठरलं, सोयाबीन निघाल्यावर बघू. पावसाळाभर दोघं गोठ्याच्या पत्र्याखाली झोपले.

दिवाळीनंतर आठ दिवस रजा टाकली. एका कोपऱ्यात कुदळीने सरळ उभा काप घेतला आणि मोजलं: एकवीस इंच. त्या कापाकडं बघत बाबा उकिडवे बसले. थर स्पष्ट दिसत होते. पांढरा, मधे काळपट रेघ, परत पांढरा. काळपट रेघ म्हणजे त्या वर्षी उगवून वाळलेलं गवत. एका ठिकाणी थर बोटभरच होता. बाबा म्हणाले, "हे बहात्तरचं. दुष्काळात माती वाहायला बैलंच नव्हते." बोअरवाले दादा, तुमचा गेरू आठवला.

पाऊण माती उतरवली. सहा इंच ठेवली, खाली जाड प्लास्टिकचा कागद टाकून. सुताराने सोळा टेकू मारले. भिंतीचं काम गवंड्याने अर्धं केलं आणि लग्नाला गेला, तो अजून आला नाही.

खडूस_खडक · १०:४५

त्या कापाचा फोटो काढला असेल तर टाका. आणि लेबल बाबांकडून लावून घ्या, वर्षासकट. थट्टा करत नाहीये.

डहाणू_लोकल · १०:५०

आवाज?

कयाधूकाठ · ११:०५

फोटो उद्या टाकतो. आवाज मी स्वतः ऐकला, तिसऱ्या रात्री. खडी ओतल्यासारखा नव्हता. वरच्या मजल्यावर कुणीतरी जड कपाट एकदाच सरकवावं तसा, फक्त आमच्या घराला वरचा मजला नाही. मी उठून बसलो. आईने दिवा लावला, दुधाच्या हिशेबाची वही घेतली आणि मागच्या पानावर लिहिलं. जुलैपासूनच्या तिथे एकतीस नोंदी आहेत. शेवटची अशी: "शनिवार, रात्री ११ वाजून ४० मिनिटे. मोठा. कुत्रे आधी भुंकले. पोरगा उठला."